अल्पायुषी कणाची साक्ष

सन १९०५ च्या अखेरीस मुंबई शहरांत घड्याळांवरून मोठा वाद माजला होता. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानांत एकच प्रमाणवेळ पाळली जावी असें सरकारनें ठरविलें होतें. मुंबईची स्थानिक वेळ या नव्या वेळेच्या ३९ मिनिटें मागें पडे. तेव्हां मुंबईकरांनीं आपलीं घड्याळें तितकीं पुढें सारावीं अशी अपेक्षा होती. मुंबईकरांना तें मानवलें नाहीं. रेल्वे नव्या वेळेनें चालूं लागली, पण नगरपालिकेनें आपलीं घड्याळें जुन्या 'बॉम्बे टाइम'वरच ठेवलीं, आणि हा दुहेरी कारभार थेट १९५५ पर्यंत चालला.

वाद कडाक्याचा होता खरा. परंतु दोन्ही पक्षांना एक गोष्ट सारखीच मान्य होती. कांटे कोठें ठेवावे याविषयीं मतभेद असला, तरी त्या कांट्यांमागून वाहणारा काळ सर्वांचा एकच आहे, मुंबईचें एक मिनिट आणि मद्रासचें एक मिनिट यांची लांबी सारखीच आहे, याबद्दल कोणाच्याहि मनांत शंका नव्हती. शंका यावी तरी कशी? लग्नमंडपांतील घटिकापात्र असो कीं राजाबाई टॉवरचें घड्याळ असो, सर्वांनीं मिळून एकाच अदृश्य प्रवाहाचें माप घ्यावयाचें, ही समजूत पंचांगकर्त्यांइतकीच युरोपांतील शास्त्रज्ञांचीहि होती. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांत काळाला असेंच स्वतंत्र आणि निरपेक्ष स्थान दिलें होतें, आणि त्या ग्रंथाच्या अधिकारापुढें दोनशें वर्षें कोणी फारसें तोंड उघडलें नव्हतें.

मुंबईचा वाद पेटण्याच्या थोडें आधीं, सप्टेंबर १९०५ मध्यें, एका जर्मन नियतकालिकांत एक निबंध छापून आला. लेखक स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या पेटंट कचेरींत तिसऱ्या वर्गाचा तांत्रिक तपासनीस होता. वय २६, नांव आल्बर्ट आइन्स्टाइन. या निबंधांत नेमक्या त्या निर्विवाद गोष्टीवरच बोट ठेवलें होतें. दोन घड्याळें सारख्याच बनावटीचीं असूनहि, त्यांतील एक वेगानें प्रवास करीत असेल तर तें मंद चालेल, आणि हा घड्याळाच्या यंत्राचा दोष नसून काळाचेंच तसें वर्तन आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष समजण्यास गणिताची फारशी जरूर नाहीं. समजा, धांवत्या आगगाडीच्या डब्यांत तळाशीं एक दिवा आहे. त्याचा किरण छतावरील आरशापर्यंत जातो आणि परत खालीं येतो. ही एक फेरी म्हणजे त्या डब्यांतील घड्याळाचा एक ठोका. डब्यांत बसलेल्या उतारूला किरण सरळ वर जाऊन सरळ खालीं आलेला दिसतो. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र, किरण वर पोंचेपर्यंत गाडी पुढें सरकलेली असल्यामुळें, त्याची वाट तिरपी आणि म्हणून अधिक लांब दिसते. किरणाच्या जागीं चेंडू असता तर कांहींच बिघडलें नसतें, कारण गाडीचा वेग चेंडूच्या वेगांत मिळाला असता. पण प्रकाशाचा वेग दोघांनाहि सारखाच, सेकंदास सुमारें १,८६,००० मैल, आढळतो, असें आइन्स्टाइन यांनीं मानलें होतें; १८८७ सालीं अमेरिकेंत मायकेलसन आणि मोर्ले यांनीं केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाशीं तें जुळतहि होतें. वेग तोच आणि वाट लांब. तर वेळ अधिक लागलाच पाहिजे. फलाटावरील माणसाच्या हिशेबानें डब्यांतील घड्याळाचा प्रत्येक ठोका लांबला.

आइन्स्टाइन यांच्या आधीं हॉलंडमधील लॉरेंट्झ यांनीं गतिमान वस्तूंसाठीं एक 'स्थानिक काळ' समीकरणांत आणला होता, आणि फ्रान्समधील प्वांकारे यांनीं घड्याळें परस्परांशीं जुळवावयाचीं म्हणजे काय करावयाचें याचा सूक्ष्म विचार केला होता. परंतु लॉरेंट्झ यांना तो काळ गणिताची सोय वाटे. खरा काळ निराळाच. बर्नच्या कारकुनानें ही पायरी ओलांडली. सोय म्हणून आणलेला काळ हाच खरा, आणि त्याच्या पलीकडे सर्वांना समान असा दुसरा काळ नाहीं, असें त्यानें म्हटलें.

मग हें कोणाच्या लक्षांत इतके दिवस कसें आलें नाहीं? त्याचें उत्तर परिणामाच्या सूक्ष्मपणांत आहे. ताशीं साठ मैलांच्या वेगानें एखादी गाडी वर्षभर अखंड धांवत राहिली, तर तींतील घड्याळ सेकंदाच्या सुमारें एक कोटीव्या भागानें मागें पडेल. प्रकाशाच्या ८७ टक्के वेग गांठला तर घड्याळ निम्म्या गतीनें चालेल, ९९.५ टक्के गांठला तर दहा ठोक्यांच्या जागीं एकच पडेल. पण असा वेग असलेलें वाहन १९०५ सालीं नव्हतें आणि आजहि नाहीं. सिद्धांत होता, साक्षीदार नव्हता. आणि साक्षीदार मिळेपर्यंत जीं तीन तपें गेलीं, त्यांत या प्रश्नावरून जो झगडा झाला तो शास्त्राच्या इतिहासांत मोठा मनोरंजक आहे.

पहिला सूर लावला तो आइन्स्टाइन यांच्याच एका चाहत्यानें. एप्रिल १९११ मध्यें इटलींतील बोलोन्या शहरीं तत्त्वज्ञांची परिषद भरली होती. तेथें पॅरिसचे पदार्थविज्ञानवेत्ते पॉल लांजव्हँ यांनीं एक कल्पित प्रवास वर्णन केला. एका माणसाला तोफेच्या गोळ्यासारख्या वाहनांत बसवून, प्रकाशाच्या वेगाहून अवघ्या एकवीसहजारांशानें कमी अशा वेगानें पृथ्वीवरून सोडून द्यावें. एक वर्ष तो दूर जाईल, मग वळून एक वर्षानें परत येईल. त्याच्या अंगावर दोन वर्षें चढलेलीं असतील. पृथ्वीवर मात्र दोनशें वर्षें लोटलेलीं असतील.

महाराष्ट्रीय वाचकाला येथें भागवतांतील रेवतीची कथा सहज आठवेल. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठीं वर विचारावयास तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला, तेथें गायन चाललें होतें म्हणून थोडा थांबला, आणि परत येतो तों पृथ्वीवर युगांमागून युगें उलटून गेलेलीं. कथा रम्य आहे आणि कल्पना धाडसाची आहे. परंतु तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांना सापेक्षता ठाऊक होती असें म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. लांजव्हँ यांच्या प्रवाशाचा वेग सांगतां येतो आणि त्या वेगावरून दोनशें हा आंकडा काढतां येतो. ककुद्मीच्या कथेंत देवांचा काळ मोठा आणि माणसांचा लहान, एवढेंच गृहीत आहे. कथेचें सामर्थ्य निराळें, गणिताचें निराळें.

बोलोन्याच्या त्याच परिषदेस हेन्री बर्गसाँ हे फ्रेंच तत्त्ववेत्ते उपस्थित होते. काळ हा त्यांच्या साऱ्या तत्त्वज्ञानाचा गाभा. घड्याळानें मोजलेला काळ म्हणजे एका रेषेवर मारलेल्या खुणा. खरा काळ तो जो माणूस जगतो, ज्यांत आशा असते, वाट पाहणें असतें, वय वाढणें असतें, असें त्यांचें प्रतिपादन. पॅरिसमध्यें त्यांच्या व्याख्यानांना इतकी गर्दी होई कीं उभें राहण्यास जागा मिळूं नये. अशा माणसाला लांजव्हँचा प्रवासी स्वस्थ बसूं देणें शक्य नव्हतें.

दोघांची गांठ पडली ती ६ एप्रिल १९२२ रोजीं, पॅरिसमधील तत्त्वज्ञान मंडळाच्या बैठकींत. महायुद्ध संपून साडेतीनच वर्षें झालेलीं. जर्मन भाषक शास्त्रज्ञास पॅरिसला बोलावण्याचें धैर्य लांजव्हँ यांनीं केलें होतें. आइन्स्टाइन ४३ वर्षांचे, १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणानंतर जगद्विख्यात झालेले. बर्गसाँ ६२ वर्षांचे. बर्गसाँ ऐकावयास म्हणून आले होते, पण आग्रहावरून बोलावयास उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. त्यांनीं सापेक्षतेचें गणित नाकारलें नाहीं. त्या गणितांतील अनेक काळांपैकीं कोणता काळ कोणी प्रत्यक्ष जगतो आणि कोणता नुसता दुसऱ्याच्या माथीं मारलेला आहे, हा त्यांचा प्रश्न होता. आइन्स्टाइन यांचें उत्तर अगदीं थोडक्यांत आलें. तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. एक काळ घड्याळें मोजतात तो, आणि दुसरा मनाला भासतो तो. तिसऱ्याला जागा नाहीं.

त्याच वर्षीं बर्गसाँ यांनीं या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत घरीं राहिलेला पीटर आणि प्रवासास गेलेला पॉल अशीं दोन पात्रें कल्पून त्यांनीं युक्तिवाद केला तो असा: गति ही परस्परसापेक्ष आहे. पीटरच्या दृष्टीनें पॉलचें घड्याळ मंद, तर पॉलच्या दृष्टीनें पीटरचें. दोघेहि आपापल्या ठिकाणीं नेहमीचाच काळ जगतात; मंदपणा आहे तो दुसऱ्याविषयीं केलेल्या हिशेबांत. यास्तव पॉल परत येईल तेव्हां दोघांचीं वयें सारखींच निघतील. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग बिनचूक आहे. चूक शेवटच्या पायरीवर आहे. पॉलला परत यावयाचें तर वळावें लागतें, आणि वळण्याचा अनुभव एकट्या पॉललाच येतो, पीटरला नाहीं. दोघांची स्थिति सारखी राहिली नाहीं, मग वयें सारखीं निघण्याचें कारणहि उरलें नाहीं.

या चुकीबद्दल बर्गसाँ यांची पुढें पुष्कळ टिंगल झाली, आणि १९३१ नंतर त्यांनीं तें पुस्तक पुन्हां छापूं दिलें नाहीं. ही टिंगल थोडी अन्यायाची होती असें आज मागें वळून पाहतां वाटतें. कारण १९२२ सालीं आइन्स्टाइन यांच्या बाजूसहि प्रत्यक्ष पुरावा कांहीं नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आइन्स्टाइन यांना १९२१ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें तें प्रकाशविद्युत् परिणामाच्या नियमासाठीं. आणि सापेक्षतेचा उल्लेख करतांना, पॅरिसमध्यें बर्गसाँ यांनीं तिला हरकत घेतली आहे, असें त्या समारंभाच्या भाषणांत अऱ्हेनियस यांनीं आवर्जून सांगितलें. एका तत्त्ववेत्त्याचा आक्षेप स्टॉकहोमपर्यंत पोंचला होता. शिवाय आक्षेपाचें मर्म खरें होतें. कांट्यांचें घड्याळ मंद झालें म्हणून जगणें मंद होतें काय? याचें उत्तर देण्यास असा साक्षीदार हवा होता कीं ज्याला स्वतःचें आयुष्य आहे. जो जन्मतो आणि ठरलेल्या अवधींत नाहींसा होतो.

हिंदुस्थानांतहि या विचारांचा प्रवेश तोंपर्यंत झाला होता. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या कलकत्त्याच्या दोन तरुणांनीं आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांचे निबंध मूळ जर्मनमधून इंग्रजींत आणले आणि कलकत्ता विद्यापीठानें ते १९२० सालीं पुस्तकरूपानें छापले. कोल्हापुरांत जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर हे १९३२ पासून काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत याच विषयाचें अध्यापन व संशोधन करीत होते.

साक्षीदार शोधण्याचा एक मार्ग आइन्स्टाइन यांनींच १९०७ सालीं सुचविला होता. वेगानें जाणारा अणू विशिष्ट रंगाचा प्रकाश देतो, म्हणजे तो एक घड्याळच आहे. तो मंद झाला तर रंग किंचित् तांबड्याकडे सरकेल. हा प्रयोग साधण्यास एकतीस वर्षें लागलीं. १९३८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत आइव्हज् आणि स्टिलवेल यांनीं हायड्रोजनच्या कणांवर तो करून दाखविला, आणि रंग सापेक्षतेनें सांगितला तितकाच सरकला. गंमत अशी कीं आइव्हज् हे स्वतः सापेक्षतेचे कट्टर विरोधक. आपल्या प्रयोगानें लॉरेंट्झ यांचें जुनें मत सिद्ध झालें असेंच ते अखेरपर्यंत म्हणत राहिले.

परंतु अणूचा रंग म्हणजे आयुष्य नव्हे. आयुष्य असलेला साक्षीदार आला तो आकाशांतून. १९१२ सालीं व्हिक्टर हेस यांनीं फुग्यांतून तीन मैलांहून अधिक उंच चढून, पृथ्वीवर बाहेरून कसलेसे भेदक किरण येतात हें दाखविलें होतें. त्यांना विश्वकिरण हें नांव पडलें. १९३६ ते १९३७ या काळांत अँडरसन आणि नेडरमायर यांना या किरणांत एक नवा कण आढळला. तो इलेक्ट्रॉनहून सुमारें दोनशें पट जड. त्याला मेसोट्रॉन म्हणूं लागले. आज त्याला म्यूऑन म्हणतात. जपानच्या युकावा यांनीं १९३५ सालीं अशाच वजनाचा एक कण गणितानें भाकित केला होता, आणि सांपडला तो तोच, असा सर्वांचा समज झाला.

येथें मुंबईचा एक तरुण पुढें येतो. होमी भाभा यांचा जन्म १९०९ चा. केंब्रिजमध्यें ते विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. जानेवारी १९३८ मध्यें 'नेचर' या इंग्रजी साप्ताहिकांत त्यांचें एक छोटें टिपण आलें. युकावांचा कण आपोआप मोडून त्याचा इलेक्ट्रॉन होईल, असें त्यांत म्हटलें होतें. आणि पुढें असें कीं हा कण म्हणजे एक घड्याळच समजावें, अर्थात् तो वेगांत असतांना त्याचें मोडणें सापेक्षतेच्या नियमानेंच लांबणीवर पडेल. टिपण आंखूड आणि विधान एका वाक्याचें. पण पीटर आणि पॉल यांच्या जागीं ज्याला उभें करतां येईल असें कोणी तरी निसर्गांत आहे, ही गोष्ट त्या वाक्यांत होती.

हें घड्याळ प्रत्यक्ष वाचण्याचें काम ज्यांच्या हातून झालें ते ब्रूनो रॉस्सी. त्यांचा जन्म व्हेनिसचा, आणि साल आइन्स्टाइन यांच्या निबंधाचेंच, १९०५. इटलींतील पाद्वा विद्यापीठांत ते प्राध्यापक होते. तेथील पदार्थविज्ञानाची नवी इमारत त्यांच्याच देखरेखीखालीं उभी राहिली होती. १९३८ सालीं मुसोलिनीच्या सरकारनें ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि रॉस्सी यांची नोकरी गेली. कोपनहेगन, मँचेस्टर असे मुक्काम करीत १९३९ च्या उन्हाळ्यांत ते शिकागोस पोंचले, आणि थोड्याच दिवसांत उपकरणें बसमध्यें चढवून कोलोरॅडोच्या डोंगरांकडे निघाले. तेव्हां माउंट एव्हान्स म्हणून ओळखला जाणारा आणि २०२३ पासून माउंट ब्लू स्काय असें नांव मिळालेला तो पर्वत १४,००० फुटांहून उंच, आणि वरपर्यंत मोटार जाईल असा रस्ता त्यावर होता.

तेथें एक कोडें सोडवावयाचें होतें. मेसोट्रॉन हवेंतून येतांना जितके कमी होतात, तितके ते तेवढ्याच वजनाच्या दाट पदार्थांतून जातांना होत नाहींत. असें कां व्हावें? दोन वाटांवर जकात सारखीच असावी, पण एका वाटेनें गेलेल्या काफिल्यांतील माणसें अधिक संख्येनें नाहींशीं व्हावीं, तसा हा प्रकार. कारण एकच संभवतें: ती वाट लांब आहे, आणि चालतां चालतां कांहींचें आयुष्यच संपतें. दाट पदार्थाची जाडी वितींत मोजतां येते, हवेची मैलांत. रॉस्सी व त्यांचे सहकारी हिलबेरी आणि होग यांनीं कोळशाच्या थरांची हवेच्या थराशीं तुलना करून, कण वाटेंत मरतात ही गोष्ट पक्की केली.

आतां मुख्य प्रश्न उरला. वेगवान कण अधिक काळ जगतो काय? पुढील उन्हाळ्यांत, १९४० सालीं, रॉस्सी पुन्हां कोलोरॅडोंत आले. या वेळीं बरोबर डेव्हिड हॉल हा शिकागोचा विद्यार्थी होता. दोन ठिकाणें निवडलीं: पर्वताच्या उतारावरील एको लेक, उंची सुमारें १०,६०० फूट, आणि पायथ्याशीं असलेलें डेन्व्हर शहर, उंची सुमारें ५,३०० फूट. गायगर नळ्या एकाखालीं एक मांडून मध्यें शिशाचे ठोकळे ठेवले. थोडें शिसें भेदून थांबतो तो कण कमी जोराचा. सारें शिसें भेदून जातो तो अधिक जोराचा. हवेनें जेवढा अडथळा केला असता तेवढ्याची भरपाई करण्यासाठीं वरच्या ठिकाणीं लोखंडाचे पत्रे ठेवले, म्हणजे दोन्ही ठिकाणीं जकात सारखी. मग उरलेली घट ती केवळ वयाची. मोजणी झाली तेव्हां कमी जोराचे कण अधिक जोराच्या कणांपेक्षां सुमारें तिपटीनें लौकर मोडत असल्याचें दिसून आलें. कण एकाच जातीचे, आयुष्य जन्मतः सारखें; फरक होता तो फक्त वेगाचा. सापेक्षतेच्या सूत्रांतून येणाऱ्या अपेक्षेशीं हा फरक जुळला.

रॉस्सी आणि हॉल यांचा निबंध १ फेब्रुवारी १९४१ रोजीं प्रसिद्ध झाला. बर्गसाँ यांनीं त्याच्या चारच आठवडे आधीं, ४ जानेवारीस, जर्मनांनीं व्यापलेल्या पॅरिसमध्यें देह ठेवला होता. दोघेहि एकाच छळाच्या छायेंत आलेले, रॉस्सी देशोधडीला लागलेले आणि बर्गसाँ स्वतःच्या शहरांत अडकून पडलेले. ज्या साक्षीची त्यांना १९२२ सालीं गरज होती ती त्यांच्यापर्यंत पोंचली नाहीं.

युद्धाच्या धामधुमींत या शोधाचा गाजावाजा झाला नाहीं. १९४२ आणि १९४३ मध्यें रॉस्सी यांनीं कॉर्नेल विद्यापीठांत, शिशांत व इतर धातूंत थांबलेल्या मेसोट्रॉनचें आयुष्य सरळ मोजलें. सेकंदाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दोनांहून थोडे अधिक, इतकेंच तें भरलें. आजचा आंकडा सुमारें २.२ भाग असा आहे. एवढ्या अवधींत प्रकाशसुद्धां अर्ध्या मैलापर्यंत पोंचत नाहीं. हे कण तर नऊ दहा मैल उंचावर जन्मतात; आयुष्य लांबलें नसतें तर अब्जांत एकहि जमिनीपर्यंत यावयास नको होता. प्रत्यक्षांत ते तळहाताएवढ्या जागेंतून दर मिनिटास कित्येक आरपार जातात. १९४७ सालीं आणखी एक गोष्ट उघडकीस आली: युकावांचा कण हा नव्हेच, तो निराळा आणि याहूनहि अल्पायुषी. म्हणजे भाभांनीं ज्याच्याविषयीं लिहिलें तो कण एक आणि रॉस्सींनीं ज्याचें आयुष्य वाचलें तो दुसरा. तथापि भाभांच्या विधानाला त्यानें बाध येत नाहीं, कारण तें कणाच्या जातीवर नव्हे, काळाच्या स्वभावावर आधारलेलें होतें.

हीच साक्ष सामान्य विद्यार्थ्यालाहि पटावी म्हणून १९६२ सालीं फ्रिश आणि स्मिथ या दोन अमेरिकन प्राध्यापकांनीं तो प्रयोग सोप्या रूपांत करून त्याचा बोलपटहि काढला. माउंट वॉशिंग्टन या सव्वासहा हजार फूट उंचीच्या पर्वतावर त्यांच्या उपकरणांत तासाला सरासरी ५६३ म्यूऑन मोजले गेले. वेग प्रकाशाच्या सुमारें ९९.५ टक्के. तेवढी उंची उतरण्यास त्यांना लागणाऱ्या वेळांत, आयुष्य न लांबतां, समुद्रसपाटीस अवघे २७ उरावयास हवे होते. उपकरणें खालीं केंब्रिज गांवीं (हें मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज) आणून मोजलें तों ४०८ निघाले. म्यूऑनांचें घड्याळ सुमारें नऊपट मंद चाललें होतें.

आतां बर्गसाँ यांचा प्रश्न त्या कणालाच विचारून पाहावा. पर्वतावरून खालीं येतांना म्यूऑन स्वतः नऊपट दीर्घ आयुष्य जगतो काय? नाहीं. त्याच्या स्वतःच्या हिशेबांत त्याचें आयुष्य तेंच सुमारें २.२ भागांचें असतें. उलट त्याच्या दृष्टीनें पर्वतच चपटा होऊन सातशें फुटांचा झालेला असतो, आणि तेवढा तो सहज उतरून जातो. जगलेला काळ प्रत्येकाच्या ठिकाणीं आपल्या नेहमीच्याच चालीनें चालतो, हें बर्गसाँ यांचें म्हणणें खरेंच ठरलें. दोन जगलेले काळ परत भेटल्यावर समान निघालेच पाहिजेत, हें मात्र खरें ठरलें नाहीं.

परत भेटण्याचा हा अखेरचा मुद्दा कित्येकांना फार दिवस पटत नव्हता. त्यांत हर्बर्ट डिंगल यांचें उदाहरण विलक्षण आहे. हे इंग्लंडच्या खगोल संस्थेचे अध्यक्ष होऊन गेलेले गृहस्थ. १९२२ सालीं त्यांनींच सर्वसामान्यांसाठीं सापेक्षतेवर पुस्तक लिहिलें होतें. पुढें उतारवयांत ते तिच्याविरुद्ध उभे राहिले आणि १९७८ मध्यें मृत्यु येईपर्यंत, शास्त्रज्ञ आपल्या प्रश्नाचें उत्तर टाळतात, अशी तक्रार करीत राहिले. तेवढ्या अवधींत उत्तरें दोन आलीं होतीं. ऑक्टोबर १९७१ मध्यें हाफेले आणि कीटिंग यांनीं सीझियमचीं चार आण्विक घड्याळें साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवतीं फिरवून आणलीं, एकदां पूर्वेकडून आणि एकदां पश्चिमेकडून; घड्याळांसाठीं 'मिस्टर क्लॉक' या नांवानें तिकीट काढलें होतें. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेंत परत आल्यावर पूर्वेकडे गेलेलीं घड्याळें सेकंदाच्या अब्जांशाच्या मापानें सुमारें ५९ नें मागें आणि पश्चिमेकडे गेलेलीं २७३ नें पुढें आढळलीं. यांत वेगाबरोबर उंचीचाहि परिणाम मिसळलेला होता, आणि सिद्धांताचा हिशेब दोन्ही धरून चुकीच्या मर्यादेंत जुळला. दुसरें उत्तर १९७७ चें, जिनीव्हाजवळील सर्न संस्थेचें. तेथें म्यूऑन चौदा मीटर व्यासाच्या एका कड्यांत गोल गोल फिरवले; प्रत्येक फेरीस ते निघाले त्याच जागीं परत येत. लांजव्हँचा प्रवासी शेकडों वेळां परत येऊन भेटत होता म्हणावयाचें. त्यांचें आयुष्य २९ पटींहून थोडें अधिक लांबलें, आणि सूत्राशीं असलेला मेळ हजारांत एक दोन भागांइतका नेमका होता.

आज मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांवर बसविलेलीं घड्याळें वेगामुळें दिवसाला सेकंदाच्या सुमारें सात दशलक्षांशानें मागें पडतात, आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळें सुमारें ४५ दशलक्षांशानें पुढें जातात. ही दुरुस्ती आधींच करून ठेवावी लागते, नाहीं तर मोटारींतला नकाशा एका दिवसांत कित्येक मैल चुकेल. आइन्स्टाइन यांनीं १९०५ च्या निबंधांत मात्र एक उदाहरण दिलें होतें तें लागू पडलें नाहीं. पृथ्वी फिरते म्हणून विषुववृत्तावरील घड्याळ ध्रुवावरील घड्याळापेक्षां मंद चालेल, असें त्यांनीं लिहिलें होतें. परंतु फिरण्यामुळेंच पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, तेथील घड्याळ केंद्रापासून तेरा मैलांनीं अधिक दूर आहे, आणि समुद्रसपाटीवर हे दोन परिणाम परस्परांना बरोबर खोडून काढतात. दोन्ही घड्याळें सारखींच चालतात. हें समजण्यास गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत हवा होता, आणि तो स्वतः आइन्स्टाइन यांनाच आणखी दहा वर्षांनीं, १९१५ सालीं, पूर्ण करतां आला.

रॉस्सी ज्या कोलोरॅडोंत आपले शिशाचे ठोकळे घेऊन गेले होते, त्याच प्रांतांतील बोल्डर गांवच्या प्रयोगशाळेंत २०१० सालीं अॅल्युमिनियमच्या एकेका अणूवर चालणारीं दोन घड्याळें परस्परांशीं ताडून पाहण्यांत आलीं. एकांतील अणूला सेकंदास दहा मीटर, म्हणजे जोरानें हांकलेल्या सायकलीएवढा, वेग दिला तरी त्याचें मंद होणें मोजतां आलें. मग तो प्रयोग थांबवून एक घड्याळ सुमारें एक फुटानें वर उचललें, तों तें दुसऱ्याच्या पुढें जाऊं लागलें.